घरीच असतो ना!

डोंबिवलीत सकाळी दहानंतर जो धडधाकट पुरुष घरात सापडतो, तो एकतर रजेवर असतो नाहीतर त्याच्या नोकरीचं काहीतरी बिनसलेलं असतं. रविवार सोडून कुठल्याही दिवशी अकराच्या सुमाराला अर्ध्या चड्डीत कोथिंबीर आणायला खाली उतरून बघा. आख्खं गाव फास्ट लोकलला लोंबकळून मुंबईकडे गेलेलं असतं आणि मागे उरलेल्या आज्या, सासवा, इस्त्रीवाला आणि वॉचमन तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात तिच्यात काळजी असते, थोडा संशय असतो, आणि वॉचमनच्या बाबतीत तर चक्क सहानुभूती असते. मी ती नजर रोज झेलतो. मी कॉमिक स्ट्रिप काढतो.

चार चौकटी, आडव्या. आठवड्याला दोन, हात चालला तर तीन. त्या कुठल्या वर्तमानपत्रात येत नाहीत. लोकांच्या फोनवर येतात, आणि वर्षाकाठी त्यांचं एक पुस्तक मी स्वतःच्या खर्चाने काढतो. मला साहेब नाही, मस्टर नाही, अप्रेझल नाही. ज्याला साहेब नाही तो मोकळा, असा आपल्याकडे एक समज आहे. वास्तविक साहेब ही फार उपयोगाची चीज. ‘साहेब सोडत नाहीत’ एवढ्या तीन शब्दांवर डोंबिवलीकर बारशापासून बाराव्यापर्यंत काहीही टाळू शकतो. मी काय सांगणार? तिसरी चौकट सोडत नाही म्हणून?

त्यामुळे आमच्या इमारतीत ‘तो घरीच असतो ना’ हे माझं नाव पडलेलं आहे. कुरिअरवाला लिफ्टमधून थेट माझ्या दाराशी येतो. ‘सर, हे तीनशे चारचं, हे चारशे एकचं, आणि हे बी विंगचं आहे, पण ते म्हणाले तुमच्याकडेच द्या.’ मग मी त्याच्या फोनच्या काचेवर बोटाने सही करतो. माझी सही चित्राखाली जितक्या लोकांनी पाहिली असेल, त्याच्या दुप्पट ती कुरिअर कंपन्यांच्या दप्तरी आहे. निम्म्या विंगच्या किल्ल्या माझ्या ड्रॉइंग बोर्डाशेजारच्या खिळ्यावर लटकतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवरून फोन करतात, ‘अरे, सिलिंडर येतोय, कोड लिहून घे. आणि वजन करून घे हो, मागच्या खेपेला हलका लागत होता. तू काय, चित्रंच काढत असशील ना?’

हो काकू. चित्रंच काढत होतो.

एकदा शेजारच्या फ्लॅटमध्ये प्लंबर आला होता. किल्ली माझ्याकडे, म्हणून देखरेखही माझ्याकडे, आणि देखरेख करणारा रिकामा दिसतो म्हणून बॅटरी धरायचं कामही माझ्याकडे. बेसिनखाली पालथा पडलेल्या त्या माणसाने पान्हा फिरवता फिरवता विचारलं, ‘साहेब, तुम्ही काय करता?’ मी म्हटलं, चित्रं काढतो. तो बाहेर आला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, ‘पेंटर होय! मग बोला की. आपल्याकडे बऱ्याच साइट असतात. स्क्वेअर फुटावर देऊ.’ त्याने दरही सांगितला. मी मनात हिशेब केला. दर माझ्यापेक्षा कितीतरी कमी होता. पण भिंतीला चौरस फूट पुष्कळ असतात आणि भिंतीला शेवटी विनोद लागत नाही. त्याचा नंबर मी घेऊन ठेवला आहे.

नातेवाइकांचं वेगळं. त्यांना धंदा समजावून सांगावा लागतो, आणि समजला की ते तुलना करतात. ‘म्हणजे चिंटूसारखं?’ हा प्रश्न मराठीत स्ट्रिप काढणाऱ्याला आयुष्यभर पुरतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू केला, कितीतरी घरांत सकाळी पहिलं पान बाजूला सारून आधी तोच वाचला गेला, २०१२ साली त्याच्यावर सिनेमाही निघाला. मला या तुलनेचा राग येत नाही, धसका बसतो. एक तर ‘सारखं’ म्हणताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जी आशा उगवते, ती माझी स्ट्रिप बघितल्यावर मावळताना मला उघड्या डोळ्यांनी बघावी लागते. आणि दुसरं म्हणजे ते दोघे होते. विनोद नाही सुचला तर एकमेकांकडे बघायची सोय होती. माझ्याकडे बघायला समोरच्या ग्रिलवरचं कबूतर आहे. ते आता स्ट्रिपमध्येही आहे, कारण कबूतर काढायला सोपं पडतं.

ज्यांचं चिंटूने समाधान होत नाही ते आर. के. लक्ष्मणांवर जातात. ‘कॉमन मॅन काढायचे ते! तुझं काय ते तसंच ना?’ तसंच नाही. त्यांचा कॉमन मॅन १९५१ पासून रोज एका चौकटीत उभा राहिला, आणि त्या चौकटीत तो तोंडातून अवाक्षर काढत नसे. धोतर, चौकड्यांचा कोट आणि मौन. यातलं शहाणपण मला आता कळतं. शि. द. फडणीसांनी तर ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांपासून गणिताच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत बिनशब्दांनी हसवून दाखवलं. थोर लोक पात्रांना बोलू देत नाहीत. माझी पात्रं मात्र सोसायटीत राहतात, त्यांना गप्प कसं बसवणार?

आईसाठी मी परदेशी दाखले वापरतो, कारण देशी दाखल्यांचे पगार तिला माहीत असण्याची शक्यता असते. तिला मी एकदा चार्ल्स शुल्झची गोष्ट सांगितली. ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झालं. जवळजवळ पन्नास वर्षं, १७,८९७ स्ट्रिप, आणि हाताखाली मदतनीस न ठेवता सगळ्या त्याने स्वतः काढल्या. शेवटची रविवारची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० च्या अंकात आली आणि आदल्या रात्रीच तो गेला. सांगता सांगता माझा आवाज जरा जड झाला. आई गवार मोडत होती. ‘मुलंबाळं होती?’ तिने विचारलं. मी म्हटलं, पाच. ‘मग ठीक आहे,’ ती म्हणाली. काय ठीक होतं ते मला समजलं नाही, पण गवारीचा वेग वाढला होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

बिल वॉटरसनची गोष्ट सासऱ्यांना सांगून मी फार मोठा घोळ केला नसता तर बरं, असं आता बायको म्हणते. ‘कॅल्व्हिन अँड हॉब्स’ त्याने दहा वर्षं काढलं आणि ३१ डिसेंबर १९९५ ला, ऐन भरात असताना, थांबवलं. त्यातल्या हॉब्स वाघाची खेळणी, टी-शर्ट, कप, काही म्हणून काढू दिलं नाही. आला पैसा नाकारला. ‘आणि तू हे सासऱ्यांसमोर बोललास?’ आई म्हणाली. वास्तविक मी काही नाकारायच्या बाजूचा नाही. नाकारायला आधी कुणीतरी विचारावं लागतं. माझ्या एका मित्राने आपणहून माझ्या पात्रांचे कॉफी मग छापून आणले होते. त्यात गरम चहा ओतला की सेक्रेटरीची मिशी निघून हाताला लागत असे. तत्त्वासाठी नाही, पण त्या मिशीसाठी मी वॉटरसनच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. लोकांना वाटतं, कठीण भाग चित्राचा. चित्राचं काही नसतं. आमचा सेक्रेटरी म्हणजे एक पोट, एक मिशी आणि एक किल्ल्यांचा जुडगा. तो मी ताप अंगात असतानाही काढू शकतो. विनोद सुचणं हाही त्रासाचा भाग आहे, पण त्यात निदान झोपून राहता येतं. खरा घाम फुटतो तो फुग्यात अक्षरं बसवताना.

इंग्रजी स्ट्रिपवाल्यांची चैन असते. त्यांची अक्षरं सगळी एका उंचीची, कॅपिटल, विटा रचाव्यात तशी रचायची. आपल्या अक्षरांना वर बिऱ्हाडं आणि खाली बिऱ्हाडं. शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, चंद्र. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांच्या लोंबणाऱ्या तंगड्या. फुगा इवलासा, ओळी तीन. पहिल्या ओळीतल्या ‘तू’चा उकार खाली उतरतो आणि नेमका दुसऱ्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या रफाराला जाऊन अडकतो. ओळीत अंतर सोडावं तर फुगा फुगून पात्राच्या टकलावर बसतो. मग उपाय एकच, शब्द बदलायचा. माझी पात्रं काय खातात-पितात हे त्यांच्या आवडीवर नाही, मात्रांवर ठरतं. सेक्रेटरीबाई सुरुवातीला सूप पीत असत. त्या सूपाचा उकार खालच्या ओळीत गळायला लागला, तेव्हा बंद केलं. कॉफी देऊन पाहिली. कॉफीला वर चंद्रही आहे आणि वेलांटीही, ती वरच्या ओळीला टोचते. ‘चहा’ बघा. वर काही नाही, खाली काही नाही. एक काना, तोही सरळ. म्हणून माझ्या स्ट्रिपमध्ये सगळे सतत चहा घेतात, आणि उन्हाळ्यात फारच झालं तर सरबत. एका वाचकाने मोठं पत्र लिहून मध्यमवर्गीय महाराष्ट्राच्या चहासंस्कृतीचं हे चित्रण किती सूक्ष्म आहे, असं कळवलं होतं. मी आभार मानले.

हाताने लिहिलं तर निदान उकार इकडेतिकडे वळवता येतो. संगणकावर टंक वापरायचा म्हटलं की आणखी मजा. तसे आता छान टंक निघालेत. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘बालू’ गुबगुबीत आहे, फुग्यात शोभतो. पण कधीकधी सॉफ्टवेअर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न टाकता मागे टाकतं आणि माझी पात्रं बोबडी होतात. ते सुधारायचं एक सेटिंग असतं. ते कुठे असतं हे ज्याला सापडतं तो ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवतो, कारण नवी आवृत्ती आली की ते घर बदलतं.

आरडाओरडा हीसुद्धा अडचणच. इंग्रजीत अक्षर जाड, तिरकं, मोठं केलं की पात्र किंचाळतं. आपल्याकडे जाड केलं की ‘निविदा सूचना’ वाटते. त्याऐवजी आवाज मात्र आपल्याकडे काय एकेक आहेत! सिलिंडर आदळला की ‘धाडकन’ नव्हे, ‘ठण्ण’. पाइप फुटला की ‘भस्सकन’. सेक्रेटरी खुर्चीत बसला की ‘फुस्स’. बायकोचं म्हणणं, माझ्या स्ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं लेखन तेच आहे.

बायको म्हणजे माझी संपादक. ती बँकेत आहे, म्हणजे या घरात पगार या नावाची गोष्ट महिन्याच्या ठरावीक तारखेला येते. संध्याकाळी ती खांद्यावरची पर्स न उतरवता बोर्डापाशी उभी राहून स्ट्रिप वाचते. हसली, तर पाठवायची. ‘तिसरी चौकट उगाच आहे,’ म्हणाली, तर ती खरोखरच उगाच असते. आणि ‘छान आहे’ म्हणाली, तर फाडायची. हसू आलेला माणूस ‘छान आहे’ म्हणत नाही.

विषय मात्र मला कधी कमी पडत नाहीत, म्हणजे लोक पडू देत नाहीत. लिफ्टचं दार बंद झालं की सोबतचा गृहस्थ हमखास खाकरतो. ‘तुझ्यासाठी एक विषय आहे.’ विषय म्हणजे मानपाड्याचा खड्डा, मेगाब्लॉक, किंवा त्यांची सून. ‘याच्यावर काढ एकदा, एकदम कडक. सोडू नकोस.’ मग चौथ्या मजल्यावर उतरताना दार धरून, ‘माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस हं.’ दुसऱ्या दिवशी त्यांची सून लिफ्टमध्ये भेटते. तिच्याकडेही विषय असतो.

ओळख पटण्याचा प्रकार तर मला अजून उलगडलेला नाही. माझ्या स्ट्रिपमधला सेक्रेटरी पोट, मिशी आणि जुडगा घेऊन जिने चढतो, पाण्याच्या टाकीत डोकावतो, गच्चीवर वाळवणं बघितली की परिपत्रक काढतो. आमचे सेक्रेटरी नेमके हेच करतात. मिशीही तीच, जराशी दाट केलेली. पहिले काही महिने मी जिन्यात पावलं वाजली की आत पळायचो. एकदा त्यांनी गाठलंच. फोन पुढे केला, स्ट्रिपवर बोट ठेवलं आणि डोळे मिचकावून म्हणाले, ‘हा शेजारच्या सोसायटीचा ना? हुबेहूब!’ त्यांनी ती लगेच शेजारच्या सेक्रेटरींना पाठवली. तिकडून ती ‘तुम्हीच की हो!’ अशा शेऱ्यानिशी परत आली. त्या भांडणात माझे बरेच वाचक वाढले. ज्यांनी खरोखर रुसवा धरला ते दुसऱ्याच मजल्यावरचे निघाले. मी त्यांना कधी काढलेलंच नव्हतं, आणि बहुधा तेच कारण असावं.

वाचक वाढले म्हणजे काय होतं तेही सांगतो. स्ट्रिप फोनवर सोडली की ती गावोगाव हिंडते. हिंडताना कुणीतरी तिची खालची पट्टी, जिथे माझी सही असते, तेवढी कापतं. त्या जागी गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ येतं. इंदूरच्या मावशीने मला माझीच स्ट्रिप अशी सजवून पाठवली होती. खाली लिहिलं होतं, ‘बघ रे, अशी काढावी. सात्त्विक.’

पैशाचं बोलायला हरकत नाही, वेळ फारसा लागणार नाही. जीएसटीची नोंदणी वर्षाला वीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला लागत नाही असं वाचलं, तेव्हा केवढा दिलासा वाटला होता. आमच्या धंद्याचा खरा हंगाम दिवाळी अंकांचा. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लावली, आणि पुढे ‘आवाज’ने पानांना खिडक्या पाडून ती चित्रांपर्यंत आणली. वरून बघावं तर भलतंच काही, खिडकी उघडावी तर आत निरागस मामला. घरातली मोठी माणसं त्या लपून उघडत असत. संपादकांचे फोन मला आषाढात यायला लागतात. ‘चार पानं ठेवलीत तुमच्यासाठी. मानधन यथाशक्ती देतोच.’ ही शक्ती साधारण गुढीपाडव्याच्या सुमाराला एकवटते. चेकवर नाव थोडं चुकलेलं असतं, पण बँकेत आपलं माणूस असलं की निभावतं.

काही नव्या कंपन्या मानधनाचा विषयच काढत नाहीत. त्या म्हणतात, आमचे दोन लाख फॉलोअर आहेत, तुमचं नाव होईल. एकदा मी बायकोला उत्साहाने हे सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यातले पन्नास हजार दूधवाल्याला देऊन बघ, घेतो का.’

पुस्तक काढणं हा त्यातल्या त्यात इभ्रतीचा भाग. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकार फुकट देतं. पुस्तकाच्या संपूर्ण व्यवहारात फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट. छापखान्यात गेलं की मालक चित्र बघत नाहीत, फर्मे मोजतात. ‘शहाण्णव पानं करा, सहा फर्म्यांत बसतं. तुमची शंभर होतायत, चार पानांसाठी कागद वाया.’ म्हणजे चार पानं कमी करायची. कुठली? ‘कमी हसू येणारी काढा ना,’ ते सहज म्हणाले. त्यांच्या मशिनमनने उभ्या उभ्या वही चाळली आणि अशी पानं बरीच निघतील असं सुचवलं. पाचशेच्या खाली ऑफसेटला परवडत नाही, हजार घेतल्या तर कॉपी स्वस्त पडते. स्वस्त पडते म्हणून हजार घेतल्या की त्या दिवाणात ठेवाव्या लागतात. आमच्या दिवाणावर झोपलेला पाहुणा तक्रार करत नाही, पण जाताना पुस्तक नेल्याशिवाय सुटतही नाही. लग्नाच्या पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असलं तरी मी एक प्रत घेऊन जातो. पुस्तक हा आहेर नाही, हे यजमानांच्या चेहऱ्यावरूनच कळतं.

मुंबईतल्या कॉमिक कॉनमध्ये टेबल घेतलं, ते या दिवाणाच्या दबावाखाली. हा प्रकार आपल्या देशात २०११ साली दिल्लीत सुरू झाला, आता शहरोशहरी भरतो. तिथे तरुण मुलं आपल्या आवडत्या पात्राचा वेश करून येतात आणि स्वतःचे फोटो काढून घेतात. माझ्या डाव्या हाताला जपानी चेहऱ्यांचे स्टिकर विकणारी मुलगी होती. तिच्याकडची गर्दी माझ्या टेबलावर कोपरं टेकून उभी राहत होती, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला माझंही बरं चाललंय असं वाटावं. दुपारी एक स्पायडरमॅन आला. पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, ‘दादा, जरा चेन वर करता का?’ चेन शिवणीत अडकली होती. मी ती सोडवेपर्यंत तो बोलत राहिला. अंबरनाथहून तोच वेश घालून लोकलने आला होता. मुखवटा मात्र जरा हवा मिळाल्यावर चढवला; चौथी सीट मिळाली होती, तीसुद्धा स्पायडरमॅन म्हणून नव्हे, कोपराच्या जोरावर. मग त्याने वळून माझं पुस्तक उचललं, मुखवटा कपाळावर सरकवला आणि उभ्याने वाचायला लागला. दोन पानांवर हसला. खरं हसला, पोट हललं. त्या कपड्यात लपत नाही. ‘सेम आमचा सेक्रेटरी!’

‘द्यायचं का एक?’ मी विचारलं.

त्याने दोन्ही हात कमरेपासून मांड्यांपर्यंत फिरवून दाखवले. त्या वेशाला खिसा नसतो. ‘फोन मित्राकडे आहे. तो थॅनोस झालाय. जेवायला गेलाय, आला की येतो.’

थॅनोसची मी बंद होईपर्यंत वाट पाहिली.

तरी एक सांगतो, डोंबिवली कलावंताला वाईट नाही. पु. भा. भावे इथले, शं. ना. नवरे इथले, २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथे भरलं. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जी तरुणाई नटून उभी असते, तिच्यातल्या दोघातिघांनी मला ओळखल्याचंही आठवतं. गावाला कलेचं प्रेम आहे. प्रश्न फक्त व्हाउचरचा येतो.

झालं असं की, आमच्या सोसायटीची वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत उरकायची म्हणून ती एका रविवारी पार्किंगमध्ये भरली. हिशेब मंजूर झाले, गळतीवर भांडण झालं, आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय सुरू झाल्यावर कुणीतरी लिफ्टमध्ये पानाच्या पिचकाऱ्या मारतं हा मुद्दा निघाला. ‘नुसती पाटी लावून भागत नाही,’ काकू म्हणाल्या, ‘छानसं व्यंगचित्र हवं. आपल्याकडे माणूस आहे की. घरीच असतो.’ टाळ्या पडल्या. मी उठून, जन्मात पहिल्यांदा, म्हणालो की याचे पैसे पडतील. पार्किंगमध्ये शांतता पसरली. सेक्रेटरींनी मोठ्या मनाने सांगितलं की सोसायटी कुणाची मेहनत बुडवणार नाही. पण खजिनदार आयुष्यभर ऑडिटमध्ये होते. ते उभे राहिले. खर्च म्हटला की तीन कोटेशनं आली पाहिजेत.

तीन व्यंगचित्रकार डोंबिवलीत रविवारी कुठून आणायचे? आणायची जबाबदारी अर्थात माझ्यावर आली, कारण माझ्या ओळखी. मी बदलापूरच्या एका मित्राला आणि नाशिकच्या एकाला फोन केला. म्हटलं, नुसता कागद द्या, आकडा माझ्यापेक्षा चांगला वरचा टाका. नाशिकच्याने वरचा टाकला. बदलापूरच्याच्या घरात त्या महिन्यात मुलीची शाळेची फी होती. त्याने माझ्यापेक्षा दोनशे रुपयांनी खालचा टाकला, आणि लॅमिनेशन आतच. खजिनदारांनी लिफाफे सर्वांदेखत फोडले आणि काम नियमानुसार बदलापूरला गेलं. तयार बोर्ड कुरिअरने येणार होता. तो माझ्याकडे उतरवून घ्यायचं ठरलं.

चार दिवसांनी मित्राचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता. ‘अरे, तुमच्या सेक्रेटरींचं म्हणणं आहे, बोर्डावर हात जोडून विनंती करणारा माणूस त्यांच्यासारखाच दिसला पाहिजे. मी म्हटलं, फोटो पाठवा. तर म्हणाले, फोटो कशाला, आमच्याकडचा तो मुलगा स्ट्रिपमध्ये मला इतकी वर्षं काढतोय, त्याच्याकडून घ्या. त्याला बरोबर जमतो मी. पाठवतोस ना एक? रंग नको भरत बसू, घाई आहे.’

मी जुडगा आणि पोट आधी काढून घेतलं, मग उरलेला सेक्रेटरी.

‘आणि मिशी जरा बारीक कर म्हणाले,’ तो पुढे म्हणाला. ‘बोर्डावर आहेच, पण स्ट्रिपमध्येसुद्धा.’